वहीची भेट

पुढील महिन्यात आम्ही लंडनला, धाकट्या बंधूंकडे निघालो आहोत. कपड्यांची बॅग तासाभरात भरली. पण बंधूंच्या दोन नातवंडांना काय न्यावे, हा प्रश्न आठवडाभर सुटेना. खेळणी, चॉकलेटे तिथे विपुल. वसईची सुकेळी घेतली खरी. परंतु केळीच्या सुक्या पानात बांधलेला तो गोडवा मुलांपेक्षा त्यांच्या आजोबांनाच अधिक रुचेल!

मुलांना मराठी कळते, देवनागरी मात्र वाचता येत नाही. तेव्हा फादर थॉमस स्टीफन्स यांचे स्मरण झाले. हे इंग्रज येशूसंघीय १५७९ साली गोव्यात आले, आपली भाषा शिकले आणि त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. १६१६ साली ते छापले गेले, तेही रोमन लिपीत!

मग आम्ही एक कोरी वही घेतली. आमच्या मातोश्री जात्यावर गात त्या ओव्या, जेवढ्या आठवल्या तेवढ्या, तिच्यात रोमन अक्षरांत उतरवल्या. वजनाच्या काट्यावर ही वही नगण्यच ठरेल. परंतु ती उघडली गेली नाही, तर आमच्या घरची मराठी या दोन मुलांपाशीच थांबेल. परदेशी आप्तांकडे निघालेल्या वाचकांनीही असे एखादे पान सोबत न्यावे.