चालत्या गाड्याला खीळ

फोनात बिघडलेलं असं काहीच नव्हतं. गूगलचा पिक्सेल ४ए; ऑक्टोबर २०२० मध्ये भारतात आला तेव्हा सेलमध्ये २९,९९९ रुपयांना घेतलेला. फेब्रुवारी २०२३ मध्येही तो उत्तम चालत होता. कंपनीचे सुरक्षा अपडेट ऑगस्टपर्यंत येणारच होते. त्यावर अँड्रॉइड १३ होतं, आणि मी त्याच्या जागी जे घालायला निघालो होतो ते लिनिएजओएस २०, तेही अँड्रॉइड १३ वरच बेतलेलं. टेबलावर लॅपटॉप, केबल आणि फोन मांडून बसलेल्या मला पाहून आई म्हणाली, “चालत्या गाड्याला खीळ कशाला घालतोस रे?”

तेव्हा तिला नीट उत्तर देता आलं नाही.

हा फोन दिवसभर माझ्या खिशात असतो आणि रात्री उशाशी. मी कुणाशी किती वेळ बोललो, कुठल्या दुकानापाशी थांबलो, रात्री अडीचला जाग आल्यावर काय शोधलं, हे घरातल्या माणसांनाही ठाऊक नसतं, त्याला असतं. आणि त्याच्या आत काय चाललंय याचा मला पत्ता नव्हता. भाड्याच्या घरात खिळा ठोकायचा तर मालकाला विचारावं लागतं, ते मला मान्य आहे. पण रोख पैसे मोजून घेतलेल्या वस्तूतही काही अ‍ॅप मला काढता येत नव्हती, फक्त ‘बंद’ करता येत होती. ते मला सलत होतं.

लिनिएज ही प्रणाली कुठली व्यापारी कंपनी चालवत नाही. एचटीसी ड्रीम हा पहिला अँड्रॉइड फोन २००८ मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी स्टीव्ह कोंडिक यांनी त्याच्यासाठी सायनोजेनमॉड नावाची सुधारलेली प्रणाली बांधायला घेतली. वनप्लस वन किंवा मायक्रोमॅक्स यू युरेका वापरलेल्यांना सायनोजेन हे नाव आठवत असेल. त्याच नावाने मागाहून निघालेल्या कंपनीने डिसेंबर २०१६ मध्ये ते काम गुंडाळलं, तेव्हा त्यावर राबणाऱ्यांनी तोच कोड उचलला आणि लिनिएज या नावाने पुढे नेला. आजही ही मंडळी आपापल्या वेळात, आपापल्या हौसेने ते सांभाळतात. मला त्या माणसांबद्दल फार आदर वाटतो.

प्रत्यक्ष काम तासाभराचं. सेटिंगमधल्या बिल्ड नंबरवर सात वेळा बोट टेकवायचं, मग उघडणाऱ्या पर्यायांत ओईएम अनलॉकिंग चालू करायचं, फोन फास्टबूट नावाच्या अवस्थेत न्यायचा आणि लॅपटॉपवरून बूटलोडरचं, म्हणजे प्रणाली सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचं, कुलूप उघडायचं. कुलूप उघडताच फोनातलं सगळं पुसलं जातं. तसं व्हायलाच हवं, नाहीतर चोरालाही हीच वाट मोकळी होईल. फोटो दोन ठिकाणी उतरवून ठेवले होते, तरी आवाजाचं बटण दाबून ‘अनलॉक’वर आलो तेव्हा अंगठा थबकला.

खरी धाकधूक पुढे झाली. रिकव्हरीतून प्रणाली चढवत असताना लॅपटॉपवरचा आकडा ४७ टक्क्यांवर येऊन थांबला, तो हलेचना. पुष्कळदा तो तिथेच थांबतो आणि काम पूर्ण झालेलं असतं, हे मी सूचनांमध्ये वाचलेलं होतं. पण वाचणं वेगळं आणि आपला फोन काळा पडलेला बघणं वेगळं. केबलला धक्का लागू नये म्हणून हात मांडीवर ठेवून बसून राहिलो. प्ले स्टोअर वगैरे गूगलची अ‍ॅप मागाहून निराळी चढवावी लागली. २००९ मध्ये कोंडिक यांनी ती अ‍ॅप सोबत वाटण्याला गूगलने हरकत घेतली, तेव्हापासूनची ही रीत आहे.

मग पडद्यावर लिनिएजची कमान उमटली, आणि फोन उघडला.

त्या रात्री सर्वांत आधी मराठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये गेलो. मी टाइप केलेलं प्रत्येक अक्षर त्या अ‍ॅपमधून जातं. आईला पाठवलेले निरोप, डॉक्टरांना लिहिलेली लक्षणं, सगळं. लिनिएजमध्ये कुठल्याही अ‍ॅपचं इंटरनेट एका बटणाने तोडता येतं. मी ते तोडलं. कीबोर्ड पूर्वीसारखाच चालत राहिला, एक काना-मात्रा अडली नाही. मग त्याला इंटरनेट हवं तरी कशाला होतं?

या सगळ्याची किंमत मोजावी लागली. फोन चालू केला की दर वेळी कुलूप उघडं असल्याचा इशारा येतो, आणि तो खराच आहे. असा फोन वाईट हातात पडला तर त्यातली प्रणालीच बदलता येते. माझ्या बँकेच्या अ‍ॅपला हे पटेना. ते फोनची तपासणी करायचं आणि उघडण्याआधीच मिटायचं. पुण्यात आता कोथिंबिरीच्या गाडीवरही क्यूआर कोड असतो, आणि मी खिशात दहा-वीसच्या नोटा बाळगू लागलो. मोठे व्यवहार लॅपटॉपवरून करतो. हा त्रास खरा आहे आणि तो मी पत्करला आहे. दुसऱ्या कुणाला पत्करायला सांगणार नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये कंपनीचे नेमाने येणारे अपडेट संपले. माझ्या फोनवर लिनिएजचे येतच राहिले. तरीही मोडेमसारख्या भागांतलं, चिप बनवणाऱ्यांच्या हातातलं सॉफ्टवेअर तिथेच गोठलं. ते स्वयंसेवकांच्या आवाक्यातलं नाही. सेटिंगमधल्या ट्रस्ट या पानावर ती जुनी तारीख स्पष्ट दिसते. मला ते लपवलेलं नाही, हे आवडतं.

जानेवारी २०२५ मध्ये मात्र एक बातमी वाचून बसल्या जागेवरून उठलो. बॅटरीच्या काळजीपोटी गूगलने ४ए फोनांना आपोआप चढणारा एक अपडेट पाठवला होता. त्याने काही फोनांची बॅटरी कमी भरू लागणार होती. तो मूळ प्रणालीसाठी होता, त्यामुळे माझ्याकडे आला नाही. फोनवर कुणी परस्पर काही चढवू नये एवढंच तर मला हवं होतं. पण काळजीचं कारण जर माझ्याही फोनात असेल, तर ते बघायलाही आता दुसरं कुणी नव्हतं. त्या रात्री फोन उशाशी ठेवला नाही, ओट्यावर ठेवला.

सकाळी तपकीर गल्ली गाठली. दुकानातल्या पोराने काच गरम करून उचलली, बॅटरी बदलली, फोन चालू केला. इशाऱ्याचा पडदा आला तशी त्याने हात मागे घेतला.

“काका, हे आधीपासून असंच होतं ना? माझ्याकडून नाही झालं हे.”

“आधीपासूनच आहे. मीच केलंय.”

“बिघडलेला होता का?”

“नाही,” मी म्हणालो, “उत्तम चालत होता.”

तो माझ्याकडे बघतच राहिला. तेवढ्यात पडद्यावर कमान उमटली.