उखळ आणि मुसळ

गेल्या आषाढात आमच्या सावंतवाडीला चार दिवस मुसळधार लागली होती. मागीलदारच्या जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते हे जन्मापासून ठाऊक असूनही, विहिरीवर राहिलेली कळशी आणायला मी धावत सुटले आणि व्हायचे ते झाले. उजव्या हातावर पडले. उठून पाहते तो खांद्याची गोलाई नाहीशी होऊन तिथे कोपरा आला होता. वर्गात 'खांदा देणे', 'खांदेपालट', 'खांद्याला खांदा लावणे' असे वाक्प्रचार शिकवण्यात माझी वीस वर्षे गेली. पण खांदा म्हणजे काय, ते मला त्या संध्याकाळी कळले.

दवाखान्यात फोटो काढला. डॉक्टरांनी इंजेक्शन दिले, हात हळूहळू फिरवला, टक् असा आवाज झाला आणि खांदा जागेवर बसला. तीन आठवडे हात झोळीत ठेवायचा हुकूम घेऊन मी घरी आले. ऐंशीच्या घरातले अण्णा पडवीत वाट पाहत होते. सगळे ऐकून घेऊन म्हणाले, "तुका इंजेक्शन गावला गो, माका मुसळ गावलेला!"

अण्णांचा खांदा कधीकाळी निखळला होता, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हते. तरुणपणी फणसावरून पडले. ओहोळाला पूर आलेला, त्यामुळे पलीकडच्या गावचा हाडे बसवणारा चौथ्या दिवशी आला. त्याने मुसळाला फडके गुंडाळले, ते काखेखाली घातले, दोघांनी दोन टोके उचलून धरली आणि त्याने हात खाली ओढला. मला हसू आले. अडाणीपणाची मजेदार गोष्ट म्हणून मी ती सोडून दिली.

पण सक्तीच्या विश्रांतीत वाचायला एक सुश्रुतसंहिता हाती लागली. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याची, यादवजी त्रिकमजी आचार्यांनी संपादिलेली, डल्हणाच्या टीकेसह. चिकित्सास्थानाच्या तिसऱ्या अध्यायात पाहते, तर अण्णांचे मुसळ! अंससंधी निसटला असता काख मुसळाने वर उचलावी आणि सांधा जागी आल्यावर फुलीसारखा स्वस्तिकबंध बांधावा, असे सुश्रुत सांगतो. शारीरस्थानात तर त्याने काखेतल्या सांध्याला 'उलूखल' म्हणजे उखळच म्हटले आहे. आपल्या शाळेच्या पुस्तकांतला 'उखळीचा सांधा' तो हाच. मांडीचे उखळ खोल असते; खांद्याचे मात्र बशीइतके उथळ. म्हणून हात चहूकडे फिरतो, आणि म्हणूनच मोठ्या सांध्यांत सर्वांत जास्त निखळतो तो खांदाच. उखळ उथळ असेल तर मुसळाला काय बोल लावायचा?

सुश्रुताच्या ग्रंथात चित्रे नाहीत. त्याचे शिष्य माणसाएवढ्या बाहुल्यावर पट्ट्या बांधायचा सराव करीत. चित्रे सापडतात ती परदेशांत. इजिप्तमध्ये, नाईलच्या पश्चिम तीरावर इपुय नावाच्या मूर्तिकाराचे थडगे आहे, दुसऱ्या रामसेसच्या काळातले, म्हणजे सव्वातीन हजार वर्षांपूर्वीचे. त्याच्या भिंतीवर कामावर असलेले सुतार रंगवले आहेत. आमच्या चितारआळीत लाकडी खेळणी घडवीत बसणाऱ्यांचीच आठवण व्हावी. त्यांच्यात एक जण दुसऱ्याचा हात कोपरात वाकवून ओढतो आहे. निखळलेला खांदा बसवण्याचे हेच सर्वांत जुने चित्र, असे पुष्कळ जाणकार मानतात. स्वित्झर्लंडच्या कोखर या शल्यविशारदाने 1870 साली हात वाकवून, फिरवून खांदा बसवण्याची रीत प्रसिद्ध केली, तिच्याशी हे चित्र फार जुळते. पुढे 1909 साली कोखरला नोबेल पारितोषिक मिळाले, पण ते गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीवरच्या कामाबद्दल!

ग्रीकांच्या हिपोक्रेटिसची तर तऱ्हाच निराळी. रोग्याला जमिनीवर निजवून वैद्याने त्याच्या काखेत टाच रोवावी आणि हात ओढावा. नाहीतर त्याला शिडीच्या पायरीवरून किंवा दाराच्या फळीवरून लोंबकळत ठेवावे. आणि हो, मुसळाचा उपायही त्याच्या ग्रंथात आहे! त्या ग्रंथावर अपोलोनियसने सचित्र टीका लिहिली. तिची हजारेक वर्षांपूर्वीची हस्तलिखित प्रत फ्लोरेन्सच्या ग्रंथालयात आहे. तिच्यातल्या लटकवलेल्या, ताणलेल्या माणसांची चित्रे पाहून आपलाच खांदा दुखू लागतो. मात्र हे वाचून कोणी घरातले मुसळ बाहेर काढू नये. हाड मोडले आहे की नुसते निसटले आहे, हे पाहायला 1895 पूर्वी क्ष-किरण नव्हते. आंधळ्या ओढाताणीत शिरा, नसा दुखावत, हाडेही मोडत.

अण्णांना मी हे सारे वाचून दाखवले. मुसळाला शास्त्राधार सापडल्याने स्वारी भलतीच खूश झाली. मग मी पुढचे वाचले. तळहाताचे हाड मोडून जुळले की आधी हातात मातीचा गोळा धरायला द्यावा, मग सैंधवाचा खडा, आणि बळ आल्यावर दगड, असे त्याच अध्यायात आहे. माझ्या डॉक्टरांनीही झोळी सुटल्यावर भिंतीवर बोटे चढवण्याचा व्यायाम सांगून ठेवला होता. सांधा बसवणे हे अर्धेच काम. बसलेल्या सांध्याला पुन्हा चालते करणे हे उरलेले अर्धे.

अण्णा गप्प झाले. मग म्हणाले, "माका ह्या कोणी सांगूक नाय."

तेव्हा माझ्या ध्यानात आले. अण्णांचा उजवा हात खांद्याच्या वर कधी जातच नाही. फळीवरचा डबा ते डाव्या हाताने काढतात. लहानपणी जत्रेतला दशावतार पाहायला ते मला खांद्यावर घेत, ते नेहमी डाव्याच. उजव्यावर बसव म्हणून मी हट्ट धरी, रुसे. चार दिवसांचा उशीर आणि नंतर न मिळालेला तो मातीचा गोळा यांची किंमत हा माणूस पन्नास वर्षे मुकाट्याने देत होता, आणि मी मुसळाला हसले होते!

श्रावण लागला. झोळी सुटली, तरी वेणीसाठी हात मागे जाईना. शेजारच्या वहिनी रोज येऊन घालून देत. एक दिवस त्या माहेरी गेल्या. कॉलेजची वेळ झालेली. अण्णा म्हणाले, "बस हय." ते पडवीच्या वरच्या पायरीवर बसले, मी दोन पायऱ्या खाली. म्हणजे त्यांना हात वर करायलाच नको. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी वेणी घातली. ती काथ्याच्या दोरीसारखी झाली. मी तशीच कॉलेजात गेले.

येताना गणपतीच्या शाळेत डोकावले आणि मातीचे दोन गोळे मागून आणले. एक माझ्यासाठी, एक अण्णांसाठी. त्यांच्या खांद्याला आता फारसा फरक पडायचा नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे. तरी संध्याकाळी आम्ही पडवीत बसतो आणि माती दाबतो.