लेकुरवाळी

सारंगखेड्याच्या बाजारात माझी मैत्रीण घोड्यांकडे बघतच नव्हती. तापीच्या काठावर एकमुखी दत्ताची यात्रा भरलेली, मार्गशीर्षातली थंडी, हलगीच्या ठेक्यावर पाय उचलणारे मारवाडी घोडे, टोकाला टोक भिडलेले त्यांचे कान. कपाळावर पांढरा पट्टा आणि चारी पाय पांढरे असले की पंचकल्याणी म्हणून भाव आणखी चढलेला. बोली लाखांत चाललेली. आणि ही घोडा सोडून त्याच्या आजूबाजूचंच न्याहाळत होती. मालकाचं पोर कुठे खेळतंय? ते पोटाखालून गेलं तर कुणी ओरडतं का? मोतद्दार मागून जाताना किती लांबून वळसा घेतो? चहाच्या टपरीवरचं प्लास्टिक वाऱ्याने फडफडलं की कोण दचकतं आणि कोण नुसता एक कान तिकडे वळवून चघळत राहतं?

पुण्याबाहेर तिची लहानशी पागा आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलांना बसायला शिकवण्यासाठी तिला तट्टू घ्यायचं होतं. "मला घोडा नकोच आहे," ती म्हणाली, "मला बालवाडीतली बाई हवी आहे."

तेव्हापासून मी घोड्यांकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. झेनोफॉन नावाच्या ग्रीक सेनानीने सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी घोडा विकत घेणाऱ्यांसाठी लिहून ठेवलं, की आधी पाय बघा, त्यातही खूर बघा. आपल्याकडचे जाणते अंगावरच्या भोवऱ्या बघत आले. अज्ञातवासात विराटाच्या पागेत ग्रंथिक नावाने राबणारा नकुलही त्या बघत असेल. पांडवांमध्ये मला नकुल फार आवडतो. कुणी न मागता त्याने जनावरांची सेवा पत्करली. पण झेनोफॉन काय किंवा भोवऱ्या काय, ती सगळी परीक्षा लढणाऱ्याच्या घोड्याची. पाच वर्षांच्या मुलीच्या घोड्याची परीक्षा कुणी लिहून ठेवली आहे का, मला माहीत नाही. ती आयांनी आणि आज्यांनी तोंडीच सांभाळली असावी.

एक समजूत मात्र सगळीकडे भेटते. लहान मुलासाठी लहान वयाचं शिंगरू घ्यावं, दोघं एकमेकांबरोबर वाढतील. ऐकायला फार गोड वाटतं, पण तसं करू नये. तीन वर्षांच्या घोड्याचे दुधाचे दात अजून पडत असतात. पुढचे सगळे दात पक्के व्हायला पाच वर्षं लागतात. त्याला स्वतःलाच जग नवं असतं, आणि नव्या गोष्टीपासून आधी पळायचं, मग विचार करायचा, हे त्याच्या रक्तात असतं. शिकवणारं जनावर दहा-बारा वर्षांचं हवं. खालच्या दातांवरचे खळगे केव्हाच बुजलेले, पाठीवर बरंच काही वाहून झालेलं. पाठ अरुंद हवी, म्हणजे मुलाचे पाय फाकून आडवे न राहता खाली उतरतात. उंची चार फुटांच्या आसपास पुरे. आणि ग्लँडर्सची रक्ततपासणी झाल्याशिवाय कुणीही जनावर घरी आणू नये. तो रोग माणसालाही होतो.

मैत्रिणीच्या पागेत मुलांच्या हातात पहिले काही दिवस लगाम देतच नाहीत. एकजण तट्टू धरून चालतो, एकजण मुलाच्या गुडघ्याशी असतो आणि मूल दोन्ही हात पसरून, डोळे मिटून नुसतं बसतं. मूल एका बाजूला कलंडू लागलं की जुनं जाणतं तट्टू अर्धं पाऊल त्या बाजूला सरकतं आणि त्याला पुन्हा आपल्या पाठीच्या मध्यावर घेतं. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. हे कुणी शिकवलेलं नसतं, आणि शिकवता येईल असं मला वाटतही नाही.

स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या बेटांवरचं शेटलंड तट्टू जगभरच्या मुलांचं पहिलं घोडं. उंची 42 इंचांच्या आत. त्या तट्टाचा इतिहास मात्र कोळशाच्या खाणीतून जातो. 1842 साली ब्रिटिश कायद्याने बायकांना आणि दहा वर्षांखालच्या मुलग्यांना खाणीच्या पोटात कामाला लावायला बंदी केली. तोवर बुटक्या बोगद्यांतून कोळशाच्या गाड्या ओढायला मुलं असत. पुढे त्या कामासाठी या तट्टांची मागणी वाढत गेली. कितीतरी तट्टांच्या पागा जमिनीखालीच असत. आज शेटलंडवर बसवून मुलांचे फोटो काढतात, तेव्हा मला ते अंधारातले खुरांचे आवाज आठवतात.

सारंगखेड्याहून आम्ही रिकाम्या हातांनी आलो. नंतर एका सकाळी सासवडच्या पुढे रस्त्यावर धनगरांचा वाडा चाललेला दिसला आणि तिने गाडी बाजूला घेतली.

पुरुष मेंढरं घेऊन आधीच रानात पांगले होते. रस्त्याने बाया आणि घोडी चालली होती. वाड्याचा संसार हलवायचा तो बायांनी. घोडी लादायची, हाकायची, पुढच्या मुक्कामाला नेऊन उतरवायची. एकेका घोडीवर पाल, वाकळा, पिठाची पोती, भांडी, मेंढरांच्या कोंडवाड्याची वाघर. त्याच्यावर डालग्यात कोंबड्या. जाळीतून डोकी बाहेर काढलेली दोन-तीन दिवसांची कोकरं. आणि एका बुटक्या, मळकट तांबूस घोडीवर, वाकळांच्या खोबणीत, एक दीड-दोन वर्षांची पोर गाढ झोपलेली. तिला दोरीचा एक सैल वेढा दिलेला. घोडीला कुणी धरलेलं नव्हतं. समोरून उसाची ट्रॉली आली, ड्रायव्हरने हॉर्न दाबून धरला, कोंबड्यांनी कालवा केला. घोडी बाजूला झाली, थांबली, ट्रॉली जाऊ दिली आणि पुन्हा चालू लागली. पोर जागी झाली नाही.

मैत्रिणीने माझा दंड धरला होता. तो बराच वेळ सोडला नाही.

आम्ही त्यांच्या मागोमाग मुक्कामापर्यंत गेलो. बाजरी निघालेलं रान होतं. शेतकऱ्याने मेंढरं बसवायला बोलावलेलं. रात्रभर मेंढरं बसली की रानाला खत मिळतं आणि वाड्याला धान्य. बायांनी भराभरा ओझी उतरवली, घोड्यांच्या पुढच्या पायांत पायबंद घातले आणि त्यांना चरायला सोडलं. पोर आता खाली उतरून त्याच घोडीच्या पायांत बसून भाकरीचा तुकडा चोखत होती. घोडी चरता चरता पुढचा पाय उचलायची, तो जरा हवेतच धरायची, पोर कुठे आहे ते बघायची आणि मग पाऊल टाकायची.

"मावशी, ही घोडी देणार का?" मैत्रिणीने विचारलं.

म्हातारीने चुलीच्या दगडांवरून मान वर केली. "कशापायी?"

"लहान पोरांना बसायला शिकवायचंय."

मग प्रश्नांची सरबत्ती झाली, पण ती म्हातारीकडून. रातच्याला कुठं बांधणार? खायाला काय? नुसती चंदी घालाल तर पाय धरतील तिचे. (ते खरंच आहे. लहान चणीच्या जनावराला दाणा जास्त झाला की खुरांच्या आत दाह होतो आणि ते कायमचं लंगडं होऊ शकतं.) पावसाळ्यात खाली कोरडं आहे का? दुसरी घोडी आहे का तिच्या जोडीला? आहे ती मोठी आहे, वेगळी बांधतो, असं मैत्रीण म्हणाली. म्हातारी उठून उभी राहिली. "एकलं घोडं ठिवू नगा बाई. एकलं घोडं खात न्हाई. वाटंकडं बघत ऱ्हातं."

घोडी तिने दिली नाही. "माझी तिन्ही नातवंडं हिच्यावर निजून आली," एवढंच म्हणाली आणि पुन्हा चुलीशी बसली. आम्हाला चहा मात्र पाजला.

ही घोडी भीमथडीची. भीमेच्या खोऱ्यातली, दख्खनच्या खडकाळ मुलखात वाढलेली ही जात उंचीला सव्वाचार फुटांच्या आसपास, थोड्या चाऱ्यावर तगणारी. मराठ्यांच्या फौजा जिच्या पाठीवरून दूरवर गेल्या, ती सध्या मुख्यतः धनगरांच्या वाड्यांनी राखली आहे. आणि वाडे कमी होताहेत. चराऊ रानं जाताहेत, घोड्यांऐवजी टेम्पो येताहेत. अलीकडे कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोने भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, याचा मला फार आनंद झाला. पण नोंदीने घोडी पोसली जात नाही. 2023 मध्ये राज्यगीत ठरलेल्या गाण्यात भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख आहे. शाळेच्या मैदानात उभी राहून मुलं ते म्हणतात. त्यातल्या किती मुलांनी त्या तट्टाच्या मानेवर हात ठेवला असेल?

म्हणून घोडेस्वारीच्या शाळा काढणाऱ्यांना, शेतघरावर मुलांसाठी तट्टू ठेवू पाहणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. नाचणाऱ्या, उंच, चकचकीत घोड्यांवर पैसे घालू नका. वाड्यावर जा. दात बघा, खूर बघा, रक्त तपासा, आणि सगळ्यात आधी तिथल्या बायांना विचारा, कोणत्या घोडीवर पोरं निजतात. ती मिळणार नाही. तिची बहीण, लेक, भाची मिळेल. तट्टू पंचवीस-तीस वर्षं जगू शकतं, तेव्हा म्हातारपणी ते कुठे उभं राहील हे आजच ठरवा. आणि घ्यायची तर दोन घ्या.