बंद कधी पडते, ते सांगा

दसरा सरला की गॅरेजच्या फोनला उसंत नसते. पावसाळाभर सोसायटीत झाकून ठेवलेली जुनी मारुती, हौसेनं सांभाळलेली एखादी पद्मिनी, सेकंडहँड घेतलेली सॅन्ट्रो. सगळ्यांना दिवाळीला गावी जायचं असतं आणि नेमकी तेव्हाच गाडी रुसलेली असते. फोनवरचं वाक्य ठरलेलं: "स्टार्टिंग ट्रबल आहे, मधेच बंद पडते." मी विचारतो, कधी? समोरचा वैतागतो. कधी म्हणजे काय, कधीही!

'कधीही' असं नसतं. सकाळी थंड असताना की दुपारी तापल्यावर? पेट्रोलवर की गॅसवर? सिग्नलला उभी राहताना की चढावर? पावसानंतर की कोरड्यातही? बंद पडल्यावर लगेच सुरू होते की अर्धा तास थांबावं लागतं? एवढं नीट कळलं तर पान्याला हात लावण्याआधीच निम्मं काम होतं. आमच्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात मात्र उलटी गंगा वाहते. आधी प्लग बदलतात, मग कॉइल, मग कार्बोरेटरचं किट, मग "पंप टाकून बघू". उल्हासनगरच्या बाजारात सगळं मिळतं, म्हणून बदलणं सोपं वाटतं. पण नवा कंडेन्सर खोक्यातून निघतानाच बाद असू शकतो, आणि मग एका बिघाडाचे दोन होतात. गाडी चालवून खात्री होईपर्यंत जुना पार्ट मी फेकत नाही.

सुरुवात कानापासून. सेल्फ मारल्यावर इंजिन कण्हत फिरतंय की झपाझप? कण्हत असेल तर पेट्रोलकडे बघूच नका. भरलेली बॅटरी उभ्या गाडीत 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली घसरली तर बॅटरी किंवा सेल्फ संशयित. बॅटरी चांगली असूनही इंजिन जड फिरत असेल तर इंजिन आणि बॉडी जोडणारी अर्थिंगची पट्टी पाहा. जुन्या गाडीत ती गंजून अर्धी तुटलेली असते. बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट इंजिनाला जंपर केबल लावा. इंजिन एकदम जोरात फिरू लागलं तर चोर सापडला.

आमच्याकडच्या जुन्या गाड्यांना बहुतेक सीएनजी किट असतं. लोक त्याला दोष देतात. मला ते तपासणीचं फुकट मिळालेलं हत्यार वाटतं. एकाच इंजिनाला दोन इंधनं, म्हणजे साक्षीदार दोन. गॅसवर छान, पेट्रोलवर बंद: करंटची बाजू निर्दोष, पेट्रोलच्या वाटेवर चला. पेट्रोलवर ठीक, गॅसवर झटके: आधी प्लग, वायरी, कॉइल बघा, कारण गॅसचं मिश्रण पेटवायला ठिणगी जास्त ताकदीची लागते आणि थकलेली कॉइल गॅसवर आधी हात टेकते. तिथं सगळं ठीक निघालं तर मग गॅसचा दाब उतरवणारा रिड्यूसर.

गॅसवर चालणाऱ्यांची एक खोड मात्र अंगाशी येते. वर्षभर गॅस जाळायचा आणि टाकीत पेट्रोल रिझर्व्हला टेकलेलं. 2000 च्या सुमारास मारुती 800 मध्ये एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल देणारं इंजिन आलं. तशा गाड्यांत इलेक्ट्रिक पंप टाकीतच, पेट्रोलमध्ये बुडून थंड राहतो. टाकी सतत रिकामी म्हणजे पंपाचं आयुष्य कमी. त्याआधीच्या कार्बोरेटरवाल्या 800 ची तऱ्हा वेगळी. तिचा फ्लोट चेंबर उघडला की पेट्रोलऐवजी जुन्या वार्निशचा वास येतो, तळाला पिवळसर चिकट थर, आणि आयडलिंगच्या जेटचं केसाएवढं भोक त्यानं बुजलेलं. अशी गाडी रेस दिली की पळते, पाय काढला की मान टाकते. जेटमध्ये तार कधीच घालू नये. भोक किंचित जरी मोठं झालं तरी मिश्रण कायमचं बिघडतं. कार्बोरेटर क्लीनर आणि हवेचा फवारा, बस्स.

जे पेट्रोल टाकीत आहे तेही काचेच्या बाटलीत घेऊन बघावं. आता पेट्रोल पंपावर 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. इथेनॉल पाणी ओढतं आणि पाणी प्रमाणाबाहेर गेलं की दोघं मिळून पेट्रोलपासून सुटतात व तळाला बसतात. बाटली थोडा वेळ ठेवली की खालचा थर डोळ्यांना दिसतो. पावसाळाभर उभ्या असलेल्या गाडीची इंधनाची नळी तळातूनच ओढते, तिला पहिला घोट त्याचाच मिळतो. जुन्या रबरी नळ्याही इथेनॉलनं फुगतात, आतून सुटतात आणि तुकडे फिल्टरमध्ये अडकतात. जुनी गाडी ठेवायची तर नळ्या बदलून घ्या, हा खर्च मी कुणालाही टाळू देत नाही.

ओल्या हवेचं दुखणं शोधायला मला रात्र आवडते. अंधारात बॉनेट उघडायचं, इंजिन चालू ठेवायचं, वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारायचा आणि लांबून बघायचं. वायरीची कातडी फुटली असेल तिथून निळसर ठिणगी बॉडीवर उडी मारताना स्पष्ट दिसते. डिस्ट्रिब्युटरच्या कॅपला आतून केसासारखी काळी रेघ असेल तर करंट तिथूनच पळतो. पुसून उपयोग नाही, कॅप बदला.

पुराचं पाणी ही वेगळीच गोष्ट. 27 जुलै 2019 ला बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि हजारेक प्रवाशांची सुटका करावी लागली, तेव्हा उल्हास नदी बदलापुरातल्या पार्किंगमध्येही शिरली होती. बुडालेल्या गाडीला सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग काढून इंजिन फिरवायचं, ऑइल बदलायचं. असली गाडी सुरू झाली म्हणजे सुटलात असंही नाही. वायरिंगच्या कनेक्टरमध्ये हिरवा गंज महिनोन्‌महिने वाढतो आणि भलत्याच दिवशी गाडी बंद पडते.

सगळ्यात अवघड म्हणजे तापल्यावर बंद पडणारी आणि थंड झाल्यावर निमूट सुरू होणारी गाडी. टो करून गॅरेजला आणेपर्यंत तिचा सगळा पुरावा नाहीसा झालेला असतो. इथं संशयित तीन. एक, तापलेली कॉइल. एमपीएफआयमध्ये तिच्या जोडीला क्रँक किंवा कॅम सेन्सर. दोन, व्हेपर लॉक: पंपात आणि नळीत पेट्रोल उकळून वाफ होते आणि पंप वाफ ढकलू शकत नाही. पद्मिनीचे टॅक्सीवाले पंपावर ओलं फडकं टाकायचे ते याचसाठी. मुंबईच्या टॅक्सीतून पद्मिनी 30 ऑक्टोबर 2023 ला गेली, तरी खासगी हातातल्या गाड्यांवर ते फडकं ऑक्टोबरच्या उन्हात अजून दिसतं. तिसऱ्या संशयिताकडे सहसा कुणी बघत नाही.

ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेल्या एका काकांची कार्बोरेटरवाली 800 बारवी धरणाच्या रस्त्याला हटकून बंद पडायची. कॉइल, प्लग, पंप सगळं आधीच बदलून झालेलं. मी त्यांना एक जुना प्लग दिला आणि सांगितलं, काका, पुढच्या वेळी बंद पडली की तिथंच एका प्लगची वायर काढून याला लावा, प्लगचा धातू इंजिनाला टेकवून जाड रबरात धरा, पेट्रोलपासून दूर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. रविवारी फोन आला.

"मिस्त्री, ठिणगी टकाटक आहे. निळी."

"मग आता टाकीचं झाकण उघडा. आवाज येतोय का बघा."

थोडा वेळ शांतता. "फुस्स झालं रे!"

पेट्रोल जसं कमी होतं तशी झाकणाच्या बारीक छिद्रातून टाकीत हवा शिरावी लागते. ते छिद्र बुजलं होतं. टाकीत पोकळी तयार होऊन पंपाला पेट्रोल ओढता येत नव्हतं, आणि अर्ध्या तासानं हवा झिरपली की गाडी परत चालायची. काका दुसऱ्या दिवशी आले. झाकणाचे पैसे एका ओळीत आणि तपासणीचे दुसऱ्या ओळीत लिहिलेलं बिल त्यांनी चष्मा लावून वाचलं. तपासणीचा आकडा झाकणापेक्षा मोठा होता. थोडी घासाघीस केली त्यांनी, पण झाकणाच्या आकड्यावर.