पितृवंशाचा माग : खडेबाजार ते निपाणी

बेळगावच्या खडेबाजारात मुक्काम करणाऱ्या अभ्यासकाने मंगोलांचा विचार करावा, याला वरवर पाहता काही कारण नाही. परंतु चंगीझखानाच्या वंशवेलीचे जुने वेड असले आणि पुढचा रस्ता काकतीवरून निपाणीला जात असला, म्हणजे हे दोन विषय एकमेकांत गुंततातच. बाजाराकडे तोंड असलेल्या लॉजच्या खोलीत रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, आणि सकाळी किल्ल्यातील कमल बस्ती घाईने उरकावी लागते. हे रट्टकालीन जैन मंदिर १२०४ च्या सुमाराचे, म्हणजे तेमुजीन चंगीझखान झाला त्या १२०६ च्या आगेमागेचे, एवढी नोंद पुरे.

वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते, म्हणून त्यावरील बारीक बदलांवरून पितृवंशांचे नाते जुळवता येते. पॅसिफिकपासून कॅस्पियनपर्यंतच्या सुमारे ८ टक्के पुरुषांत एकच वंशगट सापडतो आणि त्याचा प्रसार चंगीझ व त्याच्या भाऊबंदांच्या सत्तेमुळे झाला, असे तात्याना झेर्जाल व सहकाऱ्यांनी २००३ साली मांडले. चंगीझची कबरच सापडलेली नसताना हे अनुमान फार धीट वाटते. २०१८ च्या एका संशोधनाने तर तो गट सामान्य मंगोलांचा ठरवला. शिवाय चंगीझचा थोरला मुलगा जोची याच्या जन्माविषयी, त्याची आई बोर्ते हिला मेर्कित टोळीने पळवून नेले होते म्हणून, घरातच संशय होता. तरी बापाने त्याला आपला मानले आणि त्याच्या वंशजांनी सुवर्ण टोळीवर राज्य केले.

कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे माहेर असलेल्या काकतीवरून जाताना नेमका हाच प्रश्न उलट्या बाजूने समोर येतो. कित्तूरचा शिवलिंगरुद्र १८२४ साली निपुत्रिक वारला, तेव्हा दत्तक म्हणजे विधीने स्वीकारलेला पुत्र पुढे करण्यात आला, पण दत्तविधान मृत्यूपूर्वी झाले यावर धारवाडचा कलेक्टर थॅकरे विश्वास ठेवीना. वाद रक्ताचा नव्हताच, विधीच्या वेळेचा होता, आणि त्यापायी पेटलेल्या लढाईत २३ ऑक्टोबरला थॅकरे मारला गेला. निपाणीचे सरलष्कर सिद्धोजीराव निंबाळकर १८३९ मध्ये वारल्यावर त्यांची जहागीरही कित्तूरप्रमाणेच सरकारजमा झाली. तंबाखूच्या या गावात या सरलष्करांची आठवण काढण्यास बाजाराला सवड नाही.

पलीकडच्या कागलची गोष्ट मात्र वेगळी. १८५७ नंतर संस्थानिकांचा दत्तकाचा हक्क मान्य झाला होता, म्हणून तिथल्या घाटग्यांचे यशवंतराव १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू छत्रपती झाले. वाय गुणसूत्र घाटग्यांचे आणि वंश भोसल्यांचा, यात त्या काळच्या कोणाही शास्त्र्याला विसंगती दिसली नसती. मंगोलांच्या सरदारघराण्यांतही अशी खिंडारे पडली असणार, हे गृहीत न धरता केवळ गुणसूत्रावरून प्रतिष्ठेचा माग काढणे कितपत योग्य, हे झेर्जाल यांच्या पक्षाला विचारावेसे वाटते.