अडलेला कागद

परीक्षेच्या आदल्या सायंकाळी एक विद्यार्थिनी प्रवेशपत्रासाठी माझ्या कार्यालयात ताटकळत उभी होती. लिनक्सवरील फायरफॉक्समधून छपाईची आज्ञा जाई. प्रिंटरचा दिवा मात्र नुसता लुकलुके. लिपिकावर मी उगाच चिडलो. तीच प्रत पीडीएफ म्हणून निर्वेध उतरली. म्हणजे पान शाबूत होते, अडचण पुढेच कुठेतरी होती. छपाईच्या खिडकीत पाहिले, तो कागदाचा आकार ‘लेटर’, २१६ × २७९ मिलिमीटर. ट्रेमध्ये ए-फोर, २१० × २९७! यंत्र बिचारे नसलेल्या कागदाची वाट पाहत होते. संगणकावर लिनक्स बसविताना अमेरिकन इंग्रजी मीच निवडली होती. तिच्यासोबत तिकडचा कागदही आला. रांगेतली जुनी कामे रद्द करून आकार बदलला. प्रवेशपत्र हाती पडताच मुलगी धावत सुटली. लिपिकाची क्षमा मागायला मात्र मला दुसरा दिवस उजाडावा लागला.