ऐकण्याचा अवधि

तंबोऱ्याच्या दोन तारा जुळल्या आहेत कीं नाहींत, हें क्षणार्धांत सांगणारा मनुष्य आम्हांस तरी अद्याप भेटलेला नाहीं. दोन स्वरांत सेकंदास एकाच आंदोलनाचा फरक असेल, तर त्यामुळें होणारा ध्वनीचा मंद चढउतार प्रकट होण्यास निदान एक सेकंद कान देऊन बसलेंच पाहिजे. हा कानाचा दोष नव्हे. निसर्गाचाच हा नियम आहे.

जुन्नर-आंबेगांवच्या परिसरांत हाच नियम केवढ्या मोठ्या प्रमाणावर पाळावा लागतो, हें पाहण्यासारखें आहे. नारायणगांवाजवळ खोडद येथें गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेंतून उभी राहिलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तारेच्या जाळीच्या, प्रत्येकीं ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या तेथें आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. आकाशांतून आलेल्या लहरींचे आंकडे होतात. आणि त्या अखंड मालिकेंतून ठराविक लांबीचा तुकडा घेऊन गणितानें त्यांतील निरनिराळे स्वर वेगळे केले जातात. या तुकड्यास आपण खिडकी म्हणूं.

खिडकी किती लांब असावी, हाच खरा प्रश्न. हायड्रोजन वायूची लहर सेकंदास सुमारें १४२ कोटी आंदोलनें करते. वायूचा एक मेघ दुसऱ्यापेक्षां सेकंदास एक किलोमीटर अधिक वेगानें आपल्याकडे येत असेल, तर ही संख्या सुमारें ४,७०० नें वाढते. एवढा भेद ओळखावयाचा, तर खिडकी सेकंदाच्या सुमारें पांचहजाराव्या भागाएवढी तरी हवी. आंखूड खिडक्यांचीं हजारों उत्तरें एकत्र मिळविल्यानें गोंगाट शमतो. स्वर मात्र तीक्ष्ण होत नाहीं.

मग खिडकी लांबच कां ठेवूं नये? २००४ सालीं याच दुर्बिणीनें शोधलेला एक स्पंदक तारा सेकंदास सुमारें २०० वेळां फिरतो. सेकंदाच्या दोनशेव्या भागाहून लांब खिडकींत त्याचे ठोके एकमेकांत मिसळून जातात. तो कोणत्या स्वरांत बोलला हें बारकाईनें कळतें, पण केव्हां बोलला हें हरवतें. शिवाय खिडकीच्या कडा तुटक असल्या, तर एखाद्या प्रबळ स्वराचा अंश आजूबाजूस सांडतो व दुर्बळ स्वर त्याखालीं बुडतो. कडा हळूहळू मावळत्या केल्या म्हणजे हें सांडणें कमी होतें. पण प्रत्येक स्वर थोडा रुंदावतो. फुकट कांहींच मिळत नाहीं.

माणसांच्या बाबतींतहि आम्हांस हेंच दिसतें. घाईनें ऐकणाऱ्यास दोन माणसांचे स्वर सारखेच वाटतात. आणि उभ्या आयुष्याची गोळाबेरीज करणाऱ्यास त्यांतील निर्णायक क्षण दिसत नाहीं. आकाश ऐकणारे निदान आपण काय गमावणार, हें आधीं ठरवून कान देतात. एवढा प्रामाणिकपणा आम्हां सामान्य श्रोत्यांस साधला, तरी पुष्कळ झालें.